भग्न वस्तू, दुरुस्ती आणि प्रामाण्य

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की करू नये, हा प्रश्न सहसा तत्त्वचिंतनाच्या कक्षेत येत नाही. तो कारागिराचा, हिशेबनिसाचा किंवा फार तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा प्रश्न मानला जातो. खर्च किती येईल, सुटे भाग मिळतील काय, दुरुस्तीनंतर वस्तू किती वर्षे टिकेल, एवढे ठरले की निर्णय झाला असे समजण्यात येते. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळूनही निर्णय होत नाही. अपघातात चेपलेली, एके काळी शर्यतीत धावलेली जुनी मोटार ही अशांपैकी एक वस्तू. पैसा असतो, जाणकार मिस्त्री असतो, न मिळणारे भाग घडवून घेता येतात. आणि तरीही मालक तिच्यावर ताडपत्री टाकून वर्षानुवर्षे थांबतो. या थांबण्याला निव्वळ भावविवशता म्हणून बाजूला सारता येणार नाही. दुरुस्त होऊन जी उभी राहील ती हीच गाडी असेल काय, आणि ती हीच असेल तर तिच्यावर जे गुदरले ते कोठे गेले, अशी दुहेरी अडचण त्यामागे असते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित वाटू नये. खंडित हस्तलिखितापुढे बसलेला संपादक याच अडचणीत असतो. म्हणूनच एका मोटारीचा विचार प्रस्तुत ठिकाणी करण्यास हरकत नाही. किंबहुना पाठचिकित्सेच्या काही गृहीतांची कसोटी तेथे अधिक स्पष्टपणे लागते.

बेंटले कंपनीची 'स्पीड सिक्स' जातीची एक गाडी 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळा तिच्या दोन चालकांपैकी एक वुल्फ बार्नाटो हा होता. कंपनीची सूत्रेही त्या काळात त्याच्याकडेच होती. सप्टेंबर १९३२ मध्ये इंग्लंडातील ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ५०० मैलांच्या शर्यतीत ही गाडी उतरली, तेव्हा तिच्यात मूळच्या साडेसहा लिटरच्या इंजिनाऐवजी आठ लिटरचे इंजिन बसवलेले होते. जॅक आणि क्लाइव्ह डन्फी हे दोघे भाऊ ती चालवणार होते. क्लाइव्हच्या हाती असताना गाडी धावपट्टीच्या उंच, कललेल्या वळणावरून वर चढत गेली आणि काठ ओलांडून पलीकडे कोसळली. क्लाइव्ह डन्फी मरण पावला. पुढे बार्नाटोने गाडीची पुन्हा बांधणी करवून घेतली. मात्र शर्यतीची गाडी म्हणून नव्हे. तिच्यावर बंद छपराची कूपे चढवून तिला रस्त्यावरची गाडी करण्यात आले.

यानंतर जवळजवळ सहा दशकांनी, १९९० मध्ये, ही गाडी लंडनच्या उच्च न्यायालयात पोचली. तिच्या मालकाने ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला होता. खरेदीदार कंपनीने, ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून करार पाळण्यास नकार दिला. हा युक्तिवाद उथळ नव्हता. १९२९ साली जी गाडी जिंकली तिचे फारच थोडे भाग आता शिल्लक होते. 'हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती ऑटन यांना तीन विशेषणांचा विचार करावा लागला : 'ओरिजिनल', 'जेन्युइन' आणि 'ऑथेंटिक'. मराठीत त्यांची वाटणी करणे सोपे नाही. पहिल्याला 'मूळ' म्हणता येईल, दुसऱ्याला 'अस्सल', आणि तिसऱ्याला, थोडी ओढाताण करून, 'प्रमाण'. कारखान्यातून बाहेर पडली त्याच भागांची गाडी, या अर्थाने ती मूळ नाही. ज्या रूपात शर्यत जिंकली ते रूप उरलेले नसल्याने ती अस्सलही नाही. मात्र तिचे अस्तित्व कोठेही तुटलेले नाही, एका गाडीच्या जागी दुसरी आलेली नाही, तीच गाडी बदलत गेली, म्हणून ती प्रमाण आहे, असा निर्णय त्यांनी दिला. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला.

कायद्याच्या भाषेत झालेले हे विवेचन तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला लगेच नागसेनाच्या रथाकडे घेऊन जाते. 'मिलिंदपञ्हा'तील हा संवाद नागपूरच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर या शहरात मिलिंद हे कुणा यवन राजाचे दूरचे नाव राहिलेले नाही. ते घराघरातल्या मुलांचे नाव झाले आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन केलेल्या महाविद्यालयालाही हेच नाव आहे. नागसेन राजाला विचारतो : दांडा म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, चौकट, जू, लगाम, यांपैकी रथ कोणता? यांपैकी एकही रथ नाही, यांची रास म्हणजेही रथ नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. 'रथ' ही या सर्वांच्या आश्रयाने चालणारी संज्ञा, व्यवहारातले नाव होय. या दृष्टीने पाहता न्यायमूर्ती ऑटन यांचा निर्णय बराचसा नागसेनाच्या जवळ जातो. गाडीचे सत्त्व त्यांनी तिच्या लोखंडात शोधले नाही. अखंड चालत आलेल्या नावात आणि इतिहासात शोधले.

येथे एक भेद मात्र नजरेआड होऊ नये. नागसेनाने रथ मोडला तो युक्तिवादात. त्या रथात कुणी मेले नव्हते. 'मी', 'माझे' या आसक्तीतून राजाला सोडवणे हे त्या मोडण्याचे प्रयोजन होते, आणि ते साधले की रथाचे पुढे काय झाले हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. ब्रुकलंड्सच्या गाडीबाबत मात्र तोच प्रश्न शिल्लक राहतो. प्लुटार्कने सांगितलेल्या थीसिअसच्या नौकेचीही हीच मर्यादा आहे. फळ्या एकेक करून बदलल्या तर नौका तीच राहते काय, हे कोडे. आणि काढून टाकलेल्या फळ्या जोडून कुणी दुसरी नौका उभी केली तर खरी कोणती, ही हॉब्जने घातलेली भर. दोन्हींत फळ्या कुजतात, फुटत नाहीत. झीज आणि आघात यांतला फरक त्या कोड्यात धरलेलाच नाही. झिजलेला भाग बदलताना त्या भागाविषयी काही सांगायचे नसते. आघाताने वाकलेला भाग मात्र एका घटनेची साक्ष असतो.

तेव्हा तादात्म्याचा प्रश्न सोडवला की दुरुस्तीचा प्रश्न आपोआप सुटेल, ही अपेक्षा चुकीची आहे. गाडी तीच आहे असे मान्य केले तरी तिला १९२९ चे रूप द्यावे, १९३२ च्या अपघातानंतरचे रूप राखावे की चेपलेले धूड तसेच ठेवावे, हे त्या मान्यतेतून निघत नाही. उलट, ती तीच आहे म्हणूनच हा प्रश्न उभा राहतो. दुसरी असती तर तिच्यावर कोणतेच ओझे नसते.

नेल्सन गुडमन यांनी 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग कल्पिले. चित्रासारख्या कृतींत हस्तनिर्मित मूळ वस्तूला पर्याय नसतो. हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते. साहित्यकृतीत, अक्षरे बिनचूक उतरली की प्रत्येक प्रत म्हणजे ती कृतीच. मोटार या वर्गीकरणाला चकवते. आराखड्याबरहुकूम बांधलेली कोणतीही गाडी 'स्पीड सिक्स' होते. तेथवर ती साहित्यकृतीसारखी आहे. पण 'ओल्ड नंबर वन' एकच असते, तिच्या जातीची शंभर वाहने असली तरी. ती ज्या क्षणी शर्यतीत उतरली, आणि विशेषतः ज्या क्षणी कोसळली, त्या क्षणी दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेली. अपघाताने वस्तू एकमेव होते, असेही म्हणता येईल.

साहित्यकृतीबाबत असे काही घडत नाही, प्रत जळाली तरी ग्रंथ राहतो, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर विदर्भातच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या सहवासातील माणसांना गाठून, एकेक आठवण पारखून घेऊन रिद्धपुरी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे, महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे, चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत पंथीयांवर धाड आली आणि ग्रंथ हातचा गेला. मग ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा जुळवावा लागला. हिराइसेसारख्या विलक्षण स्मरणशक्तीच्या व्यक्तींचे पाठ त्यामुळेच परंपरेत नावानिशी वेगळे राहिले. हा ग्रंथ म्हणजे अक्षरशः मोडून पुन्हा उभारलेली वस्तू आहे. या दुरुस्तीची रीत मोठी बोलकी आहे. जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे एक निवडून दुसरी पुसून टाकण्यात आली नाही. भिन्न स्मरण 'वासना' या संज्ञेखाली संहितेतच नोंदले गेले. वाचकाला लीळा मिळते आणि तिचा सांधाही मिळतो. प्रमाद होण्याची भीती स्मरणकर्त्यांना होती, कारण शब्द त्यांच्या दृष्टीने ईश्वराचे होते. त्या भीतीतून ही प्रांजळ पद्धती जन्मली. एकेकाळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू असलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक हस्तलिखितांचा ताळा घेऊन या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे होती ती मूळ संहिता नव्हे. दुरुस्तीची कित्येक शतके होती.

याउलट दुसरी रीत एकनाथांची. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी 'ज्ञानेश्वरी'चे पाठ शुद्ध केले, मध्ये घुसलेल्या ओव्या काढल्या आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये असेही बजावले. त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्यांच्या हातून मराठीवर झालेले उपकार मोजता येण्यासारखे नाहीत. पण काय काढले याची नोंद मागे राहिली नाही. म्हणूनच राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली तेव्हा जो वाद माजला त्याचा निवाडा करणे इतके कठीण गेले. सांधा बेमालूम बुजला की त्याच्या दोन्ही बाजूंचा विश्वास ढळतो.

या दोन रीतींच्या प्रकाशात भग्न गाडीचा निर्णय पाहिला तर तो दुरुस्ती करावी की नाही असा राहत नाही. दुरुस्ती हे संपादन आहे, आणि प्रत्येक संपादन वाचकापुढे काही विधान करते. १९२९ चे रूप परत देणारी दुरुस्ती, काही झालेच नाही, असे म्हणते. ती जितकी कुशल तितके ते विधान अधिक खोटे. अपघाताआधीची गाडी परत मिळत नाही. मिळते ती अपघात वगळलेली गाडी. स्थापत्याच्या क्षेत्रात हा वाद जुना आहे. रस्किनने एकोणिसाव्या शतकातच पुनर्निर्मितीला असत्य ठरवले होते, आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेने मध्यम मार्ग काढला : जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नव्याने घातलेला भाग मूळ भागाशी सुसंवादी असला तरी वेगळा ओळखू यावा. ही दुसरी अट 'वासने'च्या जवळची आहे.

या दृष्टीने बार्नाटोची कूपे विशेष लक्षणीय ठरते. जुन्या गाड्यांच्या संग्राहकाला ती जवळजवळ अपराध वाटेल, कारण जग जिंकलेल्या गाडीचे तिने सभ्य गृहस्थाच्या वाहनात रूपांतर केले. बार्नाटोचा हेतू काय होता, हे ठरवण्याची गरज नाही. कृतीने काय सांगितले तेवढे पाहावे. ही गाडी आता धावणार नाही, पण चालेल, एवढे तिने सांगितले. १९३२ नंतर गाडी निराळी झाली, हे तिच्या आकारातच लिहिले गेले. ज्याला संग्राहक नुकसान म्हणतो तीच त्या गाडीच्या चरित्रातली सर्वांत प्रामाणिक नोंद असावी.

मग मोडकेच ठेवणे अधिक प्रामाणिक नाही काय? या भूमिकेचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मॅगिओरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये वर काढलेली, १९२५ सालची बुगाटी. कित्येक दशके पाण्यात राहून तिची एक बाजू पार खाल्ली गेली होती. २०१० मधील लिलावात ती दोन लाख साठ हजार युरोंच्या घरात विकली गेली. खरेदीदाराने ती न दुरुस्त करता कॅलिफोर्नियातील आपल्या संग्रहालयात, २०२४ मध्ये ते बंद होईपर्यंत, तशीच ठेवली. त्या गंजलेल्या धुडाला एक विलक्षण सौंदर्य आहे, हे नाकारता येणार नाही; आणि नेमकी तेथेच शंका येते. भग्नावशेष सुंदर दिसू लागला की त्याचे साक्षीपण संपते, तो शिल्प होतो. सरोवरातल्या गाडीबाबत हे खपून जाते, कारण तिच्यात कुणी मेले नव्हते. (तिच्या विक्रीतून आलेला पैसा मात्र एका अकाली गेलेल्या तरुणाच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेकडे गेला, हा योगायोग मनात रेंगाळतो.) क्लाइव्ह डन्फी ज्या गाडीत मेला तिची चेपलेली चौकट प्रकाशझोतात ठेवली असती तर ती स्मृती झाली असती की प्रदर्शन, हे सांगणे अवघड आहे.

आपल्याकडील व्यवहार या सर्वांपासून दूर आहे असे वाटेल, पण तो तितका दूर नाही. विम्याच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ते पूर्णतः नष्ट झाल्याचे धरतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहन कायमचे निरुपयोगी झाले तर मालकाने १४ दिवसांत तसे कळवायचे असते. म्हणजे वाहनाचा मृत्यू हा येथे एक टक्केवारी आणि एक अर्ज यांनी ठरतो. याहून उद्बोधक आहे तो २०२१ चा नियम. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात राखलेली असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. न्यायमूर्ती ऑटन यांनी नाकारलेले 'मूळ' हेच विशेषण येथे निकष झाले आहे. या कसोटीवर 'ओल्ड नंबर वन' उतरणे कठीण. नियम करणाऱ्यांचा उद्देश जुन्या गाड्या जपण्याचा आहे यात संशय नाही. परंतु असा नियम अपघात लपवणाऱ्या दुरुस्तीला बक्षीस देतो आणि तो उघडपणे वागवणाऱ्या दुरुस्तीला दंड करतो, हा त्याचा अनपेक्षित अर्थ आहे.

परंपरेत आणखी एक उत्तर आहे आणि ते सर्वांत निर्भय आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीनुसार भग्न मूर्ती दुरुस्तही करायची नाही आणि जपायचीही नाही. लाकडाची असेल तर अग्नीत, दगडाची असेल तर पाण्यात, धातूची असेल तर अथांग पाण्यात तिचे विसर्जन करायचे आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापन करायची. देवतेचे सान्निध्य द्रव्याला बांधलेले नाही, ते हलवता येते, या श्रद्धेवर हा विधी उभा आहे. अपघातात माणूस दगावलेली गाडी घरात नको म्हणून ती मिळेल त्या भावाने काढून टाकणारे कुटुंब नकळत याच विधीच्या जवळ जाते. फरक इतकाच की मेलेला माणूस नव्या गाडीत आणता येत नाही. देवता स्थलांतर करते. साक्ष करीत नाही.

म्हणून शेवटी दुरुस्तीकडेच यावे लागते, पण सांधा न पुसणाऱ्या दुरुस्तीकडे. ग्रंथात हे सुकर आहे. 'वासना' ओळीतच बसते आणि लीळा वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडते. गाडीला समास नसतो. तिचा इतिहास फार तर कागदांच्या एखाद्या फाइलीत राहतो आणि फाइल कपाटात राहते. नागपुरातल्या कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात पत्रा ठोकून सरळ केला जातो, वर लांबी भरली जाते, घासून रंग मारला जातो. बिलावर मजुरी आणि सामान यांखेरीज काही लिहिलेले नसते. कारागिराचे सारे कौशल्य बोटाला सांधा लागू नये यात असते आणि गिऱ्हाईक त्याच कौशल्याचे पैसे मोजते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एकनाथांची रीत शिकवली गेली आहे.

तरीही मिस्त्रीलोकांत एक जुनी चाल आहे. बदललेला भाग ते गिऱ्हाइकाला परत देतात. खरोखर नवा भाग घातला, फसवले नाही, याचा तो पुरावा. वाकलेला रॉड, तुटलेला कंस, चिरलेली पट्टी, सारे पोत्यात बांधून डिकीत ठेवलेले असते. बहुतेक जण ते पोते घरी नेतात आणि महिन्याभरात भंगारवाल्याला देऊन टाकतात. ज्याच्या दारात ताडपत्रीखाली चेपलेली गाडी उभी आहे त्याने त्या पोत्याचे काय करायचे हे आधी ठरवावे. गाडी रंगून आल्यावर तो प्रश्न कुणी विचारीत नाही.